न शिवलेलें ठाणें

लोकांचा न्याय कसा असतो हें पाहावयाचें असेल, तर न्यायमंदिरापेक्षां क्रीडांगण अधिक सोयीचें आहे. न्यायमंदिरांत पुरावा, उलटतपासणी, वकिलांचीं भाषणें, अपील इत्यादि अडसरांमुळें निकालास विलंब लागतो. क्रीडांगणावर पंचाचा हात वर जातांच हजारों मुखांतून निकाल बाहेर पडतो, आणि त्यावर अपील नसतें. पंचाचा निकाल त्या खेळापुरता असतो. प्रेक्षकांचा निकाल मात्र कित्येकदां खेळाडूच्या जन्मास पुरतो. अशाच एका जन्मभर पुरलेल्या निकालाची हकीकत आज वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे. ती अमेरिकेंतील बेसबॉल या खेळाची आहे, १९०८ सालची आहे, आणि तिचा नायक त्या वेळीं अवघा १९ वर्षांचा होता.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस क्रिकेट ठाऊक आहे, बेसबॉल ठाऊक नाहीं. तेव्हां इतक्या दूरच्या खेळांतील एका जुन्या चुकीचें आपणांस काय, असें कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच आहे. त्याचें उत्तर असें कीं, खेळ परका असला तरी प्रेक्षक परका नाहीं. अपेशी फलंदाज मान खालीं घालून परत येत असतां त्याच्याकडे कोणत्या नजरेनें पाहावें, हा प्रश्न मुंबईच्या मैदानावर बसणारासहि तितकाच लागू आहे. नवलाची गोष्ट ही कीं, न्यूयॉर्क शहराच्या प्रेक्षकांनीं या प्रश्नाचीं दोन अगदीं उलट उत्तरें दिलीं, आणि त्यांच्यामध्यें अंतर ४५ वर्षांचें पडलें. तीं दोन्ही शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे कांहीं बोध होण्यासारखा आहे.

प्रथम खेळाची माहिती अवश्य तेवढी देऊं. बेसबॉलच्या मैदानांत ९० फूट बाजूचा एक चौकोन असतो. त्याच्या एका कोपऱ्यांत फलंदाज उभा राहतो. त्या जागेस 'घर' म्हणतात. बाकीच्या तीन कोपऱ्यांस 'बेस' असें नांव आहे. आम्ही त्यांस ठाणीं म्हणूं. चेंडू टोलवून तिन्ही ठाणीं क्रमानें शिवून जो घरीं परत येतो त्याच्या नांवें एक धांव मांडली जाते. तीन गडी बाद झाले कीं त्या संघाची पाळी संपते, आणि अशा प्रत्येकीं नऊ पाळ्या असतात. क्रिकेटमध्यें चेंडू मारल्यावर धांवावें कीं न धांवावें हें फलंदाजाच्या मर्जीवर असतें. बेसबॉलमध्यें ती मर्जी नाहीं. चेंडू हद्दींत पडला कीं फलंदाजानें पहिल्या ठाण्याकडे धांवलेंच पाहिजे, आणि एका ठाण्यावर दोघांस राहतां येत नसल्यामुळें तेथें आधीं उभा असलेल्या गड्यानें दुसरें ठाणें गांठलेंच पाहिजे. तो तेथें पोहोंचण्यापूर्वीं एखाद्या क्षेत्ररक्षकानें हातांत चेंडू धरून तें ठाणें शिवलें, तर तो गडी बाद. आणि अशा रीतीनें बाद होणारा गडी तिसरा असेल, तर त्याच टोल्यावर दुसऱ्या कोणी घरीं येऊन धांव काढली असली तरी ती धरली जात नाहीं. हा शेवटचा नियम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व कथा त्यावर उभी आहे.

त्या काळच्या खेळाचें आणखी एक लक्षण सांगितल्यावांचून या प्रकरणाची तीव्रता कळावयाची नाहीं. ते दिवस फलंदाजांच्या हलाखीचे होते. १९०८ सालीं नॅशनल आणि अमेरिकन या दोन्ही लीगांतील फलंदाजांची सरासरी हजारीं २३९ होती. म्हणजे हजार वेळां बॅट उचलावी तेव्हां २३९ वेळां टोला साधे. ब्रुकलिनच्या संघाची सरासरी तर हजारीं २१३ वर येऊन ठेपली होती. एका सामन्यांत एका संघाच्या सरासरीनें साडेतीन धांवाहि होत नसत. एका टोल्यांत सगळीं ठाणीं फिरून घरीं येणें यास होमरन म्हणतात; १५४ सामन्यांच्या सबंध हंगामांत नॅशनल लीगमधील सर्वांत अधिक होमरन ब्रुकलिनच्या टिम जॉर्डननें काढले, ते अवघे १२! चेंडू मळून काळा पडला, मार खाऊन मऊ झाला, तरी तोच खेळांत ठेवीत. शिवाय चेंडूस थुंकी लावून तो फेंकण्याची त्या वेळीं मुभा होती. शिकागो व्हाइट सॉक्स संघाच्या एड वॉल्शनें याच कसबावर त्या एका वर्षांत ४० सामने जिंकले. त्याच वर्षीं २ ऑक्टोबरला याच वॉल्शनें क्लीव्हलंडचे १५ फलंदाज चकवून बाद केले आणि तरी तो हरला. कारण पलीकडच्या अ‍ॅडी जॉसनें २७ पैकीं एकाहि गड्यास पहिल्या ठाण्यापर्यंत पोहोंचूं दिलें नाहीं. तो सामना १–० असा संपला. जेथें धांव इतकी दुर्मिळ, तेथें प्रत्येक पाउलास सोन्याचें मोल येतें. आणि जेथें पाउलास सोन्याचें मोल, तेथें चुकलेल्या पाउलाची वसुलीहि त्याच भावानें होते.

१९०८ च्या सप्टेंबरांत नॅशनल लीगच्या अग्रमानासाठीं न्यूयॉर्कचे जायंट्स, शिकागोचे कब्ज आणि पिट्सबर्गचे पायरेट्स असे तीन संघ खांद्यास खांदा भिडवून धांवत होते. शिकागोच्या संघांत दुसऱ्या ठाण्याचा रक्षक जॉनी एव्हर्स हा होता. हा गृहस्थ अंगानें किडकिडीत, स्वभावानें कजाग आणि नियमांच्या पुस्तकाचा मोठा व्यासंगी म्हणून प्रसिद्ध होता. ४ सप्टेंबर रोजीं पिट्सबर्ग येथें त्याच्या संघाविरुद्ध विजयाची धांव निघाली, त्या वेळीं पहिल्या ठाण्यावरील वॉरन गिल हा गडी दुसरें ठाणें न शिवतांच मैदानाबाहेर निघून गेला. यांत गिलनें कांहीं विशेष केलें असें नाहीं. विजयाची धांव झाली कीं प्रेक्षकांचा लोंढा मैदानांत शिरे, आणि त्याच्या आधीं निसटावें म्हणून मागचे गडी सरळ आपल्या खोलीची वाट धरीत. तशी वहिवाटच पडून गेली होती. एव्हर्सनें चेंडू मागवून ठाणें शिवलें आणि पंच हँक ओडे याच्याकडे दाद मागितली. एकटाच पंच असल्यामुळें ओडेचें लक्ष घराकडे होतें. जें पाहिलें नाहीं त्यावर निकाल कसा द्यावा, म्हणून त्यानें दाद फेटाळली. परंतु नियम एव्हर्सच्या बाजूस आहे हें त्याच्या मनांत ठसलें असावें. कायदा आणि वहिवाट यांची ही पहिली झटापट वहिवाटीनें जिंकली. एकोणीस दिवसांनीं दुसरी झटापट झाली, आणि पंच पुन्हां ओडेच होता.

२३ सप्टेंबर १९०८. स्थळ न्यूयॉर्कचें पोलो ग्राउंड्स. जायंट्सच्या पहिल्या ठाण्याचा नेहमींचा रक्षक फ्रेड टेनी याची कंबर धरल्यामुळें त्याच्या जागीं फ्रेड मर्कल या पोरसवदा खेळाडूस उभें करण्यांत आलें होतें. त्या हंगामांत सामन्याच्या आरंभापासून खेळण्याची त्याची ही पहिलीच वेळ. न्यूयॉर्कचा गोलंदाज क्रिस्टी मॅथ्यूसन म्हणजे त्या शहराचें दैवतच. त्या वर्षीं त्यानें ३७ सामने जिंकले. शिकागोच्या जो टिंकरनें पांचव्या पाळींत होमरन काढला, सहाव्या पाळींत न्यूयॉर्कनें बरोबरी केली, आणि १–१ अशा स्थितींत नववी पाळी आली. न्यूयॉर्कचे दोन गडी बाद झाले असून मूस मॅकॉर्मिक पहिल्या ठाण्यावर होता. अशा आणीबाणीच्या वेळीं मर्कलनें उजवीकडे सुरेख टोला मारला. मॅकॉर्मिक तिसऱ्या ठाण्यावर गेला, मर्कल पहिल्यावर राहिला. पुढच्या अल ब्रिडवेलनें चेंडू मैदानाच्या मध्यभागीं धाडला आणि मॅकॉर्मिक घरीं आला. सामना जिंकला असें प्रत्येकास वाटलें. प्रेक्षक कठडे ओलांडून मैदानांत उतरले. मर्कल दुसऱ्या ठाण्याकडे निघाला होता. परंतु चोहोंकडून येणारी गर्दी पाहून, इतर गडी करीत तेंच त्यानें केलें. ठाणें न शिवतां तो मध्येंच वळला आणि खेळाडूंच्या खोलीकडे धांवत सुटला.

यापुढील दोनचार मिनिटांविषयीं साक्षी जुळत नाहींत. एव्हर्स दुसऱ्या ठाण्यावर उभा राहून चेंडूसाठीं ओरडूं लागला. मध्यरक्षक हॉफमननें चेंडू फेंकला. तो न्यूयॉर्कच्या जो मॅगिनिटीच्या हातीं लागला आणि हा काय डाव आहे हें ओळखून त्यानें तो गर्दींत भिरकावून दिला, असें पुष्कळांनीं सांगितलें आहे. मग एव्हर्सच्या हातीं आला तो तोच चेंडू कीं दुसरा? मर्कल अखेर परत येऊन ठाण्यास शिवला कीं नाहीं? त्या दिवशीं मैदानांत असलेल्या माणसांनीं मरेपर्यंत या प्रश्नांचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं. एवढें निश्चित कीं, एव्हर्सनें एक चेंडू हातीं धरून ठाणें शिवलें. दुसरा पंच एम्स्ली म्हणाला, "मीं पाहिलें नाहीं." ओडे म्हणाला, "मीं पाहिलें, मर्कल बाद." तिसरा गडी बाद झाला, अर्थात् मॅकॉर्मिकची धांव रद्द. मैदानावर हजारों लोक विजयोत्सव करीत असतां आणि अंधार पडत असतां खेळ पुढें चालविणें अशक्यच होतें. सामना बरोबरींत सुटल्याचें ठरलें.

लीगचा अध्यक्ष हॅरी पुलियम यानें पंचाचा निकाल कायम केला. त्यावर संचालक मंडळापर्यंत वाद गेला, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत मंडळानेंहि तोच निर्णय दिला. तोंपर्यंत दैवानें असा खेळ मांडला होता कीं, हंगामाच्या शेवटीं न्यूयॉर्क व शिकागो यांचे विजय नेमके सारखे, प्रत्येकीं ९८, झाले. तेव्हां बरोबरींत सुटलेला तो सामना ८ ऑक्टोबर रोजीं पुन्हां खेळावा असें ठरलें. त्या दिवशीं पोलो ग्राउंड्सभोंवतीं जो जनसमुदाय लोटला त्याचें वर्णन वाचून आजहि मन थक्क होतें. दरवाजे बंद करावे लागले. लोक कुंपणें, खांब, शेजारची टेकडी आणि उंचावरून जाणारा आगगाडीचा पूल यांवर चढून बसले. एक प्रेक्षक उंचावरून पडून प्राणास मुकला. शिकागोच्या मॉर्डेकाय ब्राउन या तीन बोटांच्या गोलंदाजापुढें न्यूयॉर्कचें कांहीं चाललें नाहीं. शिकागोनें ४–२ असा विजय मिळविला, आणि त्यांचा नायक फ्रँक चॅन्स यास मैदान सोडतांना चिडलेल्या जमावाचा तडाखा मानेवर सोसावा लागला. शिकागोनें पुढें डेट्रॉइटचा पराभव करून जगज्जेतेपदहि पटकाविलें. तें त्या संघास पुन्हां मिळावयास २०१६ साल उजाडावें लागलें.

आतां लोकांचें न्यायासन बसलें. न्यूयॉर्क हरलें, मग हरविलें कोणी? वृत्तपत्रांनीं एका तोंडानें नांव घेतलें, मर्कल! त्यास 'बोनहेड' ही पदवी मिळाली. डोक्यांत मेंदूच्या जागींहि हाडच भरलेला, असा तिचा अर्थ. ही पदवी त्याच्या नांवापुढें कायमची चिकटली. मैदानावर, रस्त्यावर, हॉटेलांत, जेथें तो जाई तेथें ती त्याच्या आधीं पोहोंचलेली असे.

या निकालाचा हिशेब थोडा तपासून पाहूं. २३ सप्टेंबरनंतर न्यूयॉर्कपुढें पुष्कळ सामने उरले होते. त्यांपैकीं तीन सामने फिलाडेल्फियाच्या हॅरी कोव्हेलेस्की या नवख्या गोलंदाजानें पांच दिवसांच्या आंत एकट्यानें जिंकून घेतले. त्यांतील एक जरी न्यूयॉर्कनें जिंकला असता तरी ८ ऑक्टोबरचा सामना खेळण्याचें कारणच पडलें नसतें. त्या शेवटच्या सामन्यांत हरला तो दैवत मॅथ्यूसन. पहिल्या ठाण्यावर त्या दिवशीं मर्कल नव्हे, टेनी होता. सबंध हंगामांत न्यूयॉर्कनें सामने गमावले ५६. हे सर्व पराभव पुसले गेले, आणि जो पराभव मुळीं पराभवच नव्हता, बरोबरी होती, तेवढा एक स्मरणांत राहिला! शिवाय त्या दिवशीं मर्कलचा टोला बसला नसता तर मॅकॉर्मिक तिसऱ्या ठाण्यावर गेलाच नसता, हेंहि कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. जमावास कारणांची सांखळी नको असते. त्यास एक माणूस हवा असतो.

ज्यांनीं मर्कलला जवळून पाहिलें त्यांचा निकाल मात्र निराळा होता. संघाचा चालक जॉन मॅग्रॉ हा अत्यंत तापट, प्रतिस्पर्ध्यांस आणि पंचांस सळो कीं पळो करून सोडणारा मनुष्य. परंतु त्यानें या पोराला दोषाचा एक शब्द लावला नाहीं. उलट पुढील वर्षीं त्याचें वेतन वाढविलें. या विश्वासाचें चीज झालें. मर्कल सोळा हंगाम वरच्या दर्जाचें बेसबॉल खेळला; त्याची सबंध कारकीर्दीची सरासरी हजारीं २७३ आहे; १९११ सालीं त्यानें ४९ ठाणीं चोरलीं, म्हणजे गोलंदाजाची नजर चुकवून तो तितक्या वेळां पुढें सरकला. ज्याच्या नांवावर एक ठाणें न शिवल्याचा डाग, त्याच्या नांवावर ही ४९ ठाण्यांची कमाईहि आहे. परंतु डाग सर्वांस पाठ, आणि कमाई केवळ आंकडेशास्त्र्यांस ठाऊक. १९१२ सालीं बॉस्टनविरुद्ध जगज्जेतेपदाच्या अखेरच्या सामन्यांत दहाव्या पाळींत न्यूयॉर्कला आघाडी मिळवून देणारा टोला याच मर्कलचा होता. त्याच पाळीच्या उत्तरार्धांत, त्याच्या व चेंडू झेलणाऱ्या यष्टिरक्षकाच्या मध्यें एक सोपा झेल पडला, न्यूयॉर्क हरलें, आणि लोकांस पुन्हां आठवला तो सुटलेला झेल!

या कथेंत आणखी एक करुण प्रसंग आहे. अध्यक्ष पुलियम यानें २८ जुलै १९०९ रोजीं न्यूयॉर्क येथें स्वतःवर गोळी झाडून घेतली. दुसऱ्या दिवशीं त्याचा अंत झाला. मर्कलच्या निकालावरून झालेल्या छळामुळेंच त्यानें जीव दिला असें कित्येक लेखकांनीं लिहिलें आहे. परंतु पुलियमची प्रकृति व मन दोन्ही कित्येक महिने खचलेलीं होतीं, आणि लीगमधील अनेक भांडणें त्याच्या वांट्यास आलीं होतीं. एका मनुष्याच्या मरणास एकच कारण नेमून देणें म्हणजे न्यूयॉर्कच्या जमावाचाच दोष आपण इतिहास लिहितांना करणें होय. तो आम्ही करूं इच्छीत नाहीं.

आतां दुसरें उत्तर. ब्रुकलिन हा त्याच न्यूयॉर्क शहराचा भाग. तेथील डॉजर्स संघावर तेथील लोकांचें प्रेम आंधळें म्हणावें इतकें होतें. १९५२ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध जगज्जेतेपदाचे सात सामने झाले. डॉजर्सचा पहिल्या ठाण्याचा रक्षक गिल हॉजेस हा त्या संघाच्या मुख्य फलंदाजांपैकीं एक; परंतु त्या सात सामन्यांत २१ वेळां बॅट उचलून त्याचा एकहि टोला साधला नाहीं. ब्रुकलिन चार सामने विरुद्ध तीन असें हरलें. बळीचा बकरा व्हावयास याहून अधिक काय हवें होतें? १९५३ चा हंगाम सुरू झाला, तरी हॉजेसची बॅट मुकीच. परंतु ब्रुकलिनच्या प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो केली नाहीं. तो खेळावयास आला कीं ते उभे राहून टाळ्या वाजवीत. त्याच्याकडे पत्रांचा पाऊस पडला. कोणी सल्ला दिला, कोणी ताईत धाडले. मे महिन्यांतील एका रविवारीं फादर हर्बर्ट रेडमंड या धर्मोपदेशकानें ब्रुकलिनमधील आपल्या चर्चमध्यें भाविकांस सांगितलें कीं, आज उकाडा फार आहे, तेव्हां प्रवचन नको. घरीं जा, देवाच्या आज्ञा पाळा, आणि गिल हॉजेससाठीं प्रार्थना करा. प्रार्थनेचें फळ कीं चालकानें दाखविलेल्या खोडीच्या दुरुस्तीचें फळ, हें ज्यानें त्यानें ठरवावें. हॉजेसची बॅट बोलूं लागली. हंगामाअखेर त्याची सरासरी हजारीं ३०२ झाली. दोन वर्षांनीं, ४ ऑक्टोबर १९५५ रोजीं, ब्रुकलिननें आपलें पहिलें आणि एकमेव जगज्जेतेपद २–० अशा सामन्यानें जिंकलें. त्या दोन्ही धांवा हॉजेसच्या टोल्यांवर निघाल्या.

मग १९५३ चे प्रेक्षक १९०८ च्या प्रेक्षकांहून थोर होते काय? तसें म्हणतां येत नाहीं. याच ब्रुकलिनच्या राल्फ ब्रँका या गोलंदाजानें ३ ऑक्टोबर १९५१ रोजीं पोलो ग्राउंड्सवर एक चेंडू टाकला, त्यावर जायंट्सच्या बॉबी थॉम्सननें होमरन काढला, आणि हातीं आलेला अग्रमान गेला. ब्रँका पूर्वीं कितीहि सामने जिंकला असला तरी पुढें जन्मभर त्यास त्या एका चेंडूचाच जाब द्यावा लागला. तेव्हां एकाच गांवचे लोक एकास सुळावर चढवितात आणि दुसऱ्यासाठीं प्रार्थना करितात, यांतील भेद लोकांच्या थोरवींत नसून अन्यत्र शोधावा लागतो.

आम्हांस तो भेद दोन गोष्टींत दिसतो. पहिली गोष्ट ओळख. हॉजेस मूळचा इंडियाना प्रांताचा; परंतु त्यानें ब्रुकलिनची मुलगी केली आणि तेथेंच बिऱ्हाड मांडलें. तो वाण्याच्या दुकानांत दिसे, चर्चमध्यें दिसे, शेजारच्या मुलांशीं बोलतांना दिसे. त्याचें अपयश हें ब्रुकलिनला घरच्या माणसाच्या आजारासारखें वाटलें. मर्कलची तशी ओळख होण्यास अवसरच मिळाला नव्हता. लोकांनीं त्याचें नांव नीट ऐकलें तें त्याच्या चुकीबरोबरच. त्यामुळें चूक हीच त्याची ओळख झाली. दुसरी गोष्ट अवधि. हॉजेसचें अपयश सात सामने आणि मग कित्येक आठवडे चाललें; तेवढ्या वेळांत रागाची काळजी झाली आणि काळजीची माया. मर्कल आणि ब्रँका यांचें अपयश एका क्षणाचें, आणि तेंहि सामन्याच्या शेवटच्या क्षणाचें. शेवटच्या क्षणानंतर खेळ नसतो; म्हणून मागाहून आलेला राग खेळांत जिरून जात नाहीं, तो माणसावर जाऊन बसतो. वास्तविक पहिल्या पाळींत सुटलेल्या झेलाची किंमत नवव्या पाळींत सुटलेल्या झेलाइतकीच. परंतु प्रेक्षकाच्या मनाच्या तराजूंत शेवटचें माप नेहमीं जड भरतें.

या दोन्ही गोष्टींची परीक्षा अलीकडेहि एकदां झाली. २०१३ च्या जगज्जेतेपदाचे सामने सेंट लुइस व बॉस्टन यांच्यांत झाले. फलंदाजांची स्थिति १९०८ ची आठवण करून देणारी होती. जिंकणाऱ्या बॉस्टनचीच सरासरी हजारीं २११ होती. २६ ऑक्टोबरचा सामना अशा रीतीनें संपला कीं तसा त्या स्पर्धेच्या इतिहासांत पूर्वीं संपला नव्हता: धांवणारा गडी जमिनीवर पडलेल्या क्षेत्ररक्षकास अडखळला, चेंडू त्याच्या आधीं घरीं पोहोंचला, तरी वाट अडविली गेली म्हणून पंचांनीं धांव दिली आणि सेंट लुइस ५–४ असें जिंकलें. दुसऱ्याच रात्रीं त्याहूनहि विचित्र शेवट झाला. सेंट लुइस दोन धांवांनीं मागें; बॅट एका नामांकित फलंदाजाच्या हातीं; आणि पहिल्या ठाण्यावर कोल्टन वॉंग हा २३ वर्षांचा नवखा गडी. तो ठाण्यापासून जरा दूर सरकला, पाय घसरला, आणि गोलंदाज कोजी उएहारानें चेंडू ठाण्याकडे फेंकून त्यास टिपलें. सामना तेथेंच संपला. वॉंगनें डोळ्यांत पाणी आणून लोकांची क्षमा मागितली. सेंट लुइसनें स्पर्धाहि गमावली. परंतु वॉंग संघांत राहिला, आणि १२ ऑक्टोबर २०१४ रोजीं त्याच शहरांत, त्याच प्रेक्षकांसमोर, नवव्या पाळींत त्यानें विजयाचा होमरन काढला. एका वर्षाच्या आंत त्याच्या नांवापुढें दुसरी एक ओळ लिहिली गेली. मर्कलनें तशा कित्येक ओळी लिहिल्या होत्या. वाचावयास कोणी तयार नव्हतें, एवढाच फरक.

खेळ सोडल्यावर मर्कल फ्लॉरिडांत जाऊन राहिला आणि बेसबॉलपासून दूर राहूं लागला. १९५० सालीं जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यास त्यानें पोलो ग्राउंड्सवर यावें म्हणून त्याची मनधरणी करावी लागली. तो आला, तेव्हां ६१ वर्षांचा होता. त्याचें नांव पुकारल्यावर प्रेक्षकांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. त्या टाळ्या वाजविणारांपैकीं बहुतेकांचा १९०८ सालीं जन्महि झाला नसावा. ज्यांनीं त्यास दोषी ठरविलें ते निघून गेले होते. निर्दोषी ठरविलें तें त्यांच्या नातवंडांनीं. २ मार्च १९५६ रोजीं मर्कलचा अंत झाला.

ज्या टोल्यावर हें सर्व घडलें तो टोला ब्रिडवेलचा होता. मर्कल बाद ठरतांच नियमाप्रमाणें तो टोलाहि ब्रिडवेलच्या नांवावरून काढून टाकण्यांत आला. पुढें म्हातारपणीं कोणी त्यास त्या दिवसाविषयीं विचारलें, तेव्हां त्यानें आपल्या गेलेल्या टोल्याची हळहळ केली नाहीं. तो म्हणाला कीं, त्या वेळीं आपला टोला बसलाच नसता, आपण सरळ बाद झालों असतों तर बरें झालें असतें. म्हणजे त्या बिचाऱ्या मुलाचें जन्माचें दुःख टळलें असतें. धांवा दुर्मिळ असलेल्या त्या काळांतला एक फलंदाज विजयाचा टोला परत देऊं पाहत होता. लाखों प्रेक्षकांपैकीं कोणास न सुचलेला हा हिशेब त्याला सुचला, कारण तो मर्कलला ओळखत होता.